विमान उडतं पण चढत नाही, नाहीतर मध्येच मोटर बंद पडते: फोमच्या पहिल्या विमानाला मोटर आणि बॅटरीचा मेळ कसा घालायचा

रिमोटवर उडणारं फोमचं पहिलं विमान बनवणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची हीच तक्रार असते. हातातून सोडलं की विमान सरळ जातं खरं, पण वर काही चढत नाही, फुल थ्रॉटल (मोटरचा पूर्ण वेग) ठेवून नाक वर ओढलं की हळू होत होत एका पंखावर कलंडतं आणि खाली येतं. नाहीतर दुसरा प्रकार, पहिला मिनिटभर झकास उडतं आणि मग मोटर मध्येच बंद, थ्रॉटल खाली घेऊन परत दिला की चालू होते, परत बंद. यावर बहुतेक जण मोठी मोटर घेतात किंवा जास्त एमएएचची, म्हणजे जास्त चार्ज साठवणारी बॅटरी टाकतात, आणि मग म्हणतात की आधी होतं त्यापेक्षाही वाईट उडतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोटर, प्रॉप (प्रॉपेलर, पुढचा पंखा) आणि बॅटरी या तीन वेगवेगळ्या वस्तू समजून घेऊच नका. मोटरवर बोजा किती पडणार हे प्रॉप ठरवतो, तो बोजा बॅटरीला झेपला पाहिजे, आणि हे सगळं कशासाठी तर विमानाच्या वजनासाठी. त्यामुळे सुरुवात वजनापासून करायची, मोटरच्या नंबरापासून नाही. आणि अंदाजाने काहीही बदलायच्या आधी मोजायचं.

तर पहिलं काम, विमान तोला. किचनमधला डिजिटल काटा चालतो. तयार विमान, बॅटरी, रिमोटचे सिग्नल घेणारा रिसीव्हर, चाकं, टेप, नाकात भरलेलं शिसं, सगळ्यासकट. प्लॅनवर लिहिलेलं वजन धरू नका, कारण पहिल्या विमानात ते कधीच जमत नाही. हॉट ग्लू ढिगाने जातो, पंखाला खालून वरून पॅकिंग टेप लागते, रंगाचे दोन हात होतात. त्यात शेपटीकडचं वजन सगळ्यात महाग पडतं, कारण शेपटी सीजीपासून (जिथे विमानाचा तोल साधतो तो बिंदू) नाकापेक्षा बरीच लांब असते, तिकडे २० ग्रॅम वाढले तर तोल सांभाळायला नाकात ५०-६० ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे शेपटीवर एक जाड थर रंगाचा दिला आणि विमान ८० ग्रॅमने जड झालं, असं सहज होतं.

मग पंखाचं क्षेत्रफळ काढा. एक मीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद पंख असेल तर २० चौरस डेसिमीटर. विमान ७०० ग्रॅमचं असेल तर दर चौरस डेसिमीटरला ३५ ग्रॅम पडले, याला विंग लोडिंग म्हणतात. एक मीटरच्या शिकाऊ विमानाला ३० ते ४० च्या मध्ये असलेलं बरं, ५० च्या वर गेलं की ते विमान जोरातच उडवावं लागतं आणि जोरातच उतरवावं लागतं, नवशिक्याला ते झेपत नाही. तुमचं विमान इथेच नापास होत असेल तर मोटर बदलून काही साधणार नाही, आधी ग्रॅम कमी करा.

वजन हातात आलं की वॉट. आरसीवाल्यांचा, म्हणजे रिमोटवरची विमानं उडवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, मूळचा पाउंडामागे इतके वॉट असा, किलोत आणला तर साधारण असा होतो: किलोमागे ११० वॉट म्हणजे जेमतेम उडेल, १५० ते २०० म्हणजे शिकण्यासाठी उत्तम, २२० च्या पुढे कसरती, आणि नाकावर उभं लटकवायचं असेल तर ३३० च्याही वर. हे वॉट म्हणजे बॅटरीतून जाणारे, व्होल्ट गुणिले अँप, मोटरच्या डब्यावर छापलेले नाहीत. डब्यावरचा आकडा म्हणजे ती मोटर जास्तीत जास्त किती सोसते तो, ती तुमच्या विमानात तेवढे वॉट घेईलच असं नाही. ७०० ग्रॅमच्या विमानाला १०५ ते १४० वॉट हवेत. एवढंच. ४०० वॉटची मोटर घातली तर ती स्वतः जड, तिला मोठा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर), त्याला मोठी बॅटरी, आणि परत आपण वजनाच्याच फेऱ्यात अडकलो.

आता मोटरचा नंबर. २२१२ असं लिहिलेलं असतं, त्यात २२ म्हणजे आतल्या स्टेटरचा व्यास मिलीमीटरमध्ये आणि १२ म्हणजे त्याची उंची. काही कंपन्या बाहेरच्या डब्याचं माप लिहितात, म्हणून दोन मोटरींची तुलना करताना वजनही बघा, कारण मोटर किती ताकद सोसेल हे बऱ्याच अंशी तिच्या वजनावर जातं. यानंतर येतो केव्ही. हा शब्द बघून लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नाही आणि ताकद तर अजिबातच नाही, मोटर मोकळी फिरत असताना एका व्होल्टला किती आरपीएम (मिनिटाला फेरे) देते तो आकडा. १००० केव्हीच्या मोटरला ११ व्होल्ट दिले तर प्रॉपशिवाय ११ हजारांच्या आसपास फिरेल. सायकलच्या गिअरसारखं समजा. कमी केव्ही म्हणजे चढावाचा गिअर, मोठा प्रॉप सावकाश फिरवते, जास्त केव्ही म्हणजे सपाटीवरचा, छोटा प्रॉप भन्नाट फिरवते. एकाच २२१२ मापात १०००, १४००, २२०० अशा सगळ्या मिळतात, फरक आतल्या तारेच्या वेढ्यांचा. ३ सेलच्या बॅटरीवर १००० ला साधारण ९×५ (व्यास आणि पिच, इंचात, पिच काय ते पुढे सांगतो) पासून १०×४.५ पर्यंतचा प्रॉप चालतो, १४०० ला ८×४, आणि २२०० ला ६×४ च्या आसपास. तुमच्या मोटरसोबत प्रॉपचा तक्ता आला असेल तर तोच प्रमाण मानायचा.

मागे एक शाळकरी मुलगा त्याचं विमान घेऊन आला होता. एक मीटरचा वर बसवलेला पंख, साधं ट्रेनर, पण काम इतकं स्वच्छ की बघत राहावं, हिंजच्या कडासुद्धा तिरक्या तासलेल्या. म्हणाला, काका, २२०० केव्ही आहे, सगळ्यात पॉवरफुल, तरी चढत नाही. बघितलं तर मोटरवर १०×४.५ चा प्रॉप. आधी ६ इंची होता म्हणे, त्याने चढेना म्हणून कोणीतरी मोठा लावायला सांगितलं. बॅटरी २२०० एमएएचची, तीही आधी १३०० होती, मोटर बंद पडायला लागली म्हणून वाढवली. मोठ्या बॅटरीने नाक जड झालं म्हणून शेपटीत २० ग्रॅमचं शिसं. काट्यावर ठेवलं तर ८६० ग्रॅम.

बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर लावला, विमान दोघांनी घट्ट धरलं, दोघंही प्रॉपच्या मागे, आणि त्याला म्हटलं हळूहळू दे. अर्ध्या स्टिकच्या जरा पुढे गेला तर मीटरवर २२ अँप. आवाज वर चढायच्या ऐवजी दबका झाला, घोंऽऽ असा, दम लागल्यासारखा. दहा सेकंदांनी बंद करायला लावलं आणि मोटरला बोट लावलं तर टेकवत नव्हतं, आणि वायंडिंगच्या व्हार्निशचा करपट वास सुटलेला. तो म्हणाला, पण अजून फुल दिलंच नाही. ईएससी ३० अँपचा होता, फुल दिलं असतं तर मोटर नाहीतर ईएससी, दोन्हीतलं एक नक्की गेलं असतं.

मग त्याचा जुना ६×४ परत लावला. आता फुल थ्रॉटलला १७ अँप, १०.९ व्होल्ट, म्हणजे १८५ वॉट. ८६० ग्रॅमला हे किलोमागे २१५ वॉट झाले, ठोकताळ्याप्रमाणे भरपूर, विमान मस्त चढायला हवं. शेपटीला दोरी बांधून स्प्रिंगचा काटा अडकवला तर खेच फक्त ४३० ग्रॅमची, विमानाच्या वजनाच्या निम्मी. वॉट आहेत पण खेच नाही, हे कसं? तर विमानाचा नाकाकडचा खोका ८ सेंटीमीटर रुंद, आणि प्रॉप पुरता १५ सेंटीमीटरचा, मधला मोठा भाग खोक्यावरच हवा मारत होता. आणि एकूणच छोटा प्रॉप थोडी हवा फार जोरात ढकलतो, मोठा प्रॉप जास्त हवा सावकाश ढकलतो, सावकाश उडणाऱ्या विमानाला दुसरं हवं असतं.

शेवटी माझ्याकडची १४०० केव्हीची मोटर, ८×४ प्रॉप आणि १३०० ची बॅटरी लावली, शेपटीतलं शिसं काढलं. विमान ७७० ग्रॅम. मीटरवर १३.५ अँप, १०.८ व्होल्ट, म्हणजे १४६ वॉट, किलोमागे १९०. वॉट आधीपेक्षा कमी, आणि स्प्रिंगच्या काट्यावर खेच ६४० ग्रॅम. नवशिक्याच्या विमानाला वजनाच्या ६० ते ८० टक्के खेच असली की छान चढतं, याला तर त्याहून जास्त मिळाली. पहिल्याच लाँचला दोन तृतीयांश स्टिकवर आरामात वर गेलं आणि मुलाने स्वतःहून थ्रॉटल कमी केला.

मोठा प्रॉप लावला की एवढं का बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण चूक इथेच होते. प्रॉपवरचा पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप स्क्रूसारखा किती पुढे सरकेल ते. आरपीएम तेवढाच ठेवला तर खेच व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, आणि ताकद तर प्रॉप त्याहूनही वेगाने मागतो. ८ चा ९ केला, एकच इंच, तर सव्वा नाही दीड नाही, दीडपटीच्याही वर जातं सगळं. ८ चा १० केला तर खेच जवळपास अडीचपट, ताकद त्याहूनही जास्त. म्हणून प्रॉप बदलताना एका वेळी एकच इंच, आणि प्रत्येक वेळी मीटर लावून अँप बघायचे. पिच वाढवला तरी बोजा वाढतो, पण व्यासाइतका नाही.

पिचचं अजून एक गणित आहे, सोपं आहे. आरपीएम गुणिले पिच इंचात गुणिले ०.००१५२४, उत्तर तासाला किलोमीटर. ८×४ साडेदहा हजारांवर फिरत असेल तर ६४ किलोमीटर, ही प्रॉपमागच्या हवेची सैद्धांतिक गती. वर सांगितलेलं ७७० ग्रॅमचं विमान ताशी २८ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं, म्हणजे हवेत टिकून राहायची किमान गती ती. पिचची गती स्टॉलच्या दोन ते अडीच पट असली की विमान पुढेही सरकतं आणि चढतंही. तेच ६×४ साडेसोळा हजारांवर ताशी १०० किलोमीटर होतात, ते रेसरला ठीक, पण वर जाड पंख आणि चौकोनी खोका असलेलं विमान तेवढ्या जोरात जाणारच नाही. उलट फार कमी पिच असेल तर विमान हातातून उत्साहाने सुटतं, पण वाऱ्याविरुद्ध एका जागी उभं राहिल्यासारखं होतं.

आता बॅटरी, आणि इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो कारण मीही हाच प्रकार केलाय. माझी मोटर दोन मिनिटांनी मध्येच बंद पडायची. चार्जर दाखवत होता की बॅटरीत निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक आहे. मी ईएससी बदलला, काही फरक नाही. मग मोठी बॅटरी टाकली तर बंद पडणं थांबलं, पण विमान दगडासारखं झालं आणि तिसऱ्या लँडिंगला फायरवॉल (मोटर बसवायची नाकातली पाटी) उखडली. नंतर कधीतरी वॉटमीटर हातात आला तेव्हा जुनी बॅटरी लावून बघितली. मोटर बंद असताना १२.४ व्होल्ट, एकदम तब्येतीत. फुल थ्रॉटल दिला आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत १०.२, ९.८, ९.३ असा घसरत गेला आणि मोटर बंद. हात काढला की परत ११.९. बॅटरीत चार्ज होता, पण तिचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढल्यामुळे करंट देताना व्होल्टेज कोसळत होतं, ईएससीला वाटत होतं बॅटरी संपली, आणि तो बॅटरी वाचवण्यासाठी मोटर बंद करत होता. ईएससी आपलं काम बरोबर करत होता. तशाच १३०० च्या नव्या बॅटरीने तेवढ्याच करंटला ११.२ वर उभं राहून दाखवलं.

म्हणून मध्येच मोटर बंद पडत असेल तर एमएएच वाढवायच्या आधी ही टेस्ट करा: पूर्ण चार्ज बॅटरी, फुल थ्रॉटल, दहा सेकंद, डोळे व्होल्टवर. ३ सेलला १०.५ च्या वर राहिली तर बॅटरी ठीक. १० च्या खाली जात असेल तर बॅटरी थकलीये किंवा प्रॉप तिच्या कुवतीबाहेर करंट मागतोय, आणि यातलं कुठलं ते अँपचा आकडा सांगेल. बॅटरी जराशी फुगलेली दिसली, हाताला उशीसारखी लागली, तर ती उडवूच नका, चार्जही करू नका. थंडीत लिपोचा (आपल्या या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे सकाळच्या गारठ्यात चांगली बॅटरीसुद्धा असंच वागते, उडवायच्या आधी खिशात ठेवून कोमट केली की सुधारते.

सी रेटिंगचं गणित सगळ्यांना माहीत असतं तरी चुकतं. १३०० एमएएच म्हणजे १.३ अँपिअर-अवर, २० सी असेल तर १.३ गुणिले २०, म्हणजे २६ अँप ती देऊ शकते असं लेबल म्हणतं. लेबलं उदार असतात. मी लेबलच्या निम्म्यावर हिशोब धरतो, म्हणजे या बॅटरीवर १३-१४ अँपचं कॉम्बिनेशन सुखाने चालेल. २२०० एमएएच २५ सी असेल तर लेबलवर ५५ अँप, निम्मे २७. तुमच्या विमानाला १४ लागत असतील तर २२०० ची गरज फक्त वेळेसाठी, ताकदीसाठी नाही, आणि त्यासाठी तुम्ही ७० ग्रॅम जास्त वाहून नेताय हे लक्षात ठेवा, कारण ३ सेलची १३०० साधारण ११५ ग्रॅमची असते आणि २२०० साधारण १८५ ची.

आणि वेळ खरंच किती वाढतो तेही बघा. लिपो पूर्ण उपसायची नसते, ८० टक्के वापरायची. १३०० चे ८० टक्के म्हणजे १.०४ अँपिअर-अवर. ट्रेनर सरळ उडवताना सरासरी ७ अँप घेत असेल तर जवळपास नऊ मिनिटं मिळतात. सतत फुलवर, साडेतेरा अँपने, साडेचार मिनिटं. शिकताना नऊ मिनिटांत डोळे आणि बोटं दोन्ही थकतात, त्यामुळे एक मोठी बॅटरी घेण्यापेक्षा दोन छोट्या जास्त कामाच्या.

२ सेल की ३ सेल असं विचारणारे पण खूप असतात. ४०० ग्रॅमच्या आतलं हलकं विमान असेल तर २ सेल मस्त, पण मग मोटर त्या हिशोबाने निवडायची. ३ सेलसाठी निवडलेली मोटर आणि प्रॉप तसाच ठेवून २ सेल लावली तर मोटर अर्धमेली फिरेल. उलट केलं, म्हणजे २ सेलच्या जोडीला ३ सेल लावली, तर ते जास्त धोक्याचं, कारण व्होल्टेज दीडपट झालं की अँप दुपटीच्या आसपास जातात आणि वॉट तिपटीच्या. सेल वाढवला तर प्रॉप छोटा करायलाच लागतो.

मोटर बंद पडण्याची कारणं अजूनही आहेत, पण ओळखायची एक चांगली खूण आहे. मोटर बंद पडली तेव्हा एलेरॉन-एलेव्हेटर (पंख आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे कंट्रोल सरफेस) हलत होते का? हलत असतील तर ईएससीने मुद्दाम मोटर कापली, व्होल्टेजमुळे किंवा तापल्यामुळे. थ्रॉटल शून्यावर नेऊन परत दिल्यावर लगेच चालू झाली तर व्होल्टेज, आणि हवेत काहीच झालं नाही, जमिनीवर उतरून गार झाल्यावर चालली तर बहुतेक उष्णता. उष्णता असेल तर ईएससी फोमच्या बंद खोक्यात कोंबलाय का बघा. हवा आत यायला एक भोक आणि बाहेर जायला त्याहून मोठं भोक लागतं, बाहेरचं लोक करतच नाहीत. ईएससीवर ३० अँप लिहिलंय म्हणून ३० चालवू नका, २०-३० टक्के राखून ठेवा, १४ अँपच्या विमानाला २० चा पुरतो.

पण मोटरबरोबर सर्व्हो (त्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) पण मेले असतील तर गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. मग बीईसी बघा, म्हणजे ईएससीमधला जो भाग रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देतो तो. साध्या लिनिअर बीईसीमध्ये जास्तीचं व्होल्टेज उष्णता होऊन जातं, त्यामुळे ३ सेलवर तो २ सेलपेक्षा कमी सर्व्हो सांभाळतो. चार छोटे सर्व्हो बरेचदा चालतात, पण त्यातला एखादा अडकत असेल, लिंकेज (सर्व्होपासून पट्टीपर्यंतची तार) घट्ट असेल आणि सर्व्हो बसल्या जागी घुर्रघुर्र करत असेल तर तो सतत करंट ओढतो आणि बीईसी बसतो. प्रत्येक सर्व्होचा हॉर्न (त्यावरचा छोटा हात) काढून कंट्रोल सरफेस हाताने हलवून बघा, मऊ जायला हवं. ही तक्रार असताना विमान परत उडवू नका, आधी कारण सापडलं पाहिजे.

मीटरवर अँप अगदीच कमी दिसतायत, मोटर गार आहे आणि तरी खेच नाही, असं असेल तर बऱ्याचदा कारण क्षुल्लक असतं. प्रॉप उलटा बसलाय का बघा, आकडे लिहिलेली बाजू उडायच्या दिशेने पुढे हवी, पुशर (मोटर मागे असलेलं विमान) असलं तरी पुढेच. उलटा प्रॉपसुद्धा हवा मागे फेकतो म्हणून लक्षात येत नाही, फक्त दम कमी असतो. मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. प्रॉप अडॅप्टरची नट सैल असेल तर फुल थ्रॉटलला शाफ्ट आत फिरतो आणि प्रॉप मागे राहतो. आणि ईएससीला तुमच्या ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) थ्रॉटल रेंज शिकवली आहे का, नसेल तर स्टिक फुलवर असूनही ईएससी तीन-चतुर्थांशच देत असतो. प्रॉप काढून ठेवा, ट्रान्समीटर फुल थ्रॉटलला ठेवून चालू करा, मग बॅटरी जोडा, बीप आल्यावर स्टिक खाली, परत बीप, झालं. मोटर सुरू होताना नुसती थरथरते आणि फिरत नाही, तर तीनपैकी एक तार नीट जोडलेली नाही, बुलेट कनेक्टरचं सोल्डर बघा, वरून चकचकीत दिसतं पण आत कच्चं राहिलेलं असतं.

अजून एक प्रकार पॉवरचा वाटतो पण नसतो. थ्रॉटल वाढवला की नाक एकदम वर जातं, विमान स्टॉल होतं, आणि आपल्याला वाटतं ताकद कमी पडली. आधी सीजी बघा, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर बोटं ठेवली तर विमान सपाट किंवा जरासं नाक खाली राहायला हवं. ते बरोबर असेल तर मोटर दोन-तीन अंश खाली कलती करा, वरच्या दोन स्क्रूंवर मोटर आणि फायरवॉलच्या मध्ये एकेक वॉशर टाकला की काम होतं, मोटर फायरवॉलच्या पुढच्या बाजूला असेल तर. तशीच थोडी उजवीकडेही, म्हणजे फुल थ्रॉटलला डावीकडे ओढणं कमी होतं.

हे सगळं टेबलावर करताना प्रॉप काढलेलाच असू दे, मीटर लावून चालवायचं असेल तेव्हाच लावा आणि विमान बांधून किंवा दुसऱ्याच्या हातात घट्ट. ८ इंची प्रॉप बोट तोडू शकतो, प्लास्टिकचा असला तरी. आणि तोंड, हात, कोणीही प्रॉपच्या रेषेत बाजूला नको, पातं तुटून बाजूलाच उडतं.

नवीन कॉम्बिनेशन पहिल्यांदा उडवताना टायमर चार मिनिटांवर लावा. उतरलं की लगेच मोटरला बोट लावा, पाच सेकंद ठेवता आलं पाहिजे, नाही ठेवता आलं तर प्रॉप एक इंच छोटा. मग बॅलन्स लीडवर (बॅटरीच्या प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक तारांचा प्लग) सेल चेकर लावून तिन्ही सेल वेगवेगळे बघा. पाच मिनिटं विश्रांतीनंतर प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास असेल तर टायमर एका मिनिटाने वाढवा, ३.७ आला की वाढवणं थांबवा. एकच सेल बाकी दोघांपेक्षा ०.१ ने खाली दिसत असेल तर पुढच्या वेळी पुन्हा बघा, तोच सेल परत मागे पडला तर मध्येच मोटर बंद पडण्याचं कारण तुम्हाला तिथेच सापडलं.